गोथेनबर्ग : दोघी मैत्रिणी, बेताचे पैसे, काय बघावं?

केतकी_कील

नमस्कार मंडळी. मी कीलला मास्टर्स करते. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात माझी शाळेपासूनची मैत्रीण माझ्याकडे येते आहे आणि तिला जर्मनी सोडून "अजून वरचं" काहीतरी बघायचं आहे. कीलहून रात्रीची बोट थेट गोथेनबर्गला जाते, म्हणून तेच नक्की केलं. गुरुवारी संध्याकाळी बसायचं, शुक्रवारी सकाळी उतरायचं, मंगळवारी संध्याकाळच्या बोटीने परत. बोटीची केबिन आणि होस्टेलची खोली (बंक बेड, स्वयंपाकघर सगळ्यांचं मिळून एक) दोन्हीचे पैसे भरून झालेत, तेव्हा ते हिशोबात धरू नका.

बाकी सगळ्याला दोघींत मिळून ४,००० क्रोना आहेत, म्हणजे माणशी रोजचे चारशे. त्यात काय बसतं याचा मला साधारण अंदाज आहे, तिला अजिबात नाही. ती चांगल्या नोकरीत आहे आणि मी ब्लॉक्ड अकाउंटवर जगते. महिन्याला ठरलेली रक्कम सुटते, त्यावर दमडी नाही. ती म्हणते, "मी भरते गं, तू गप बस." एखाद्या वेळी ठीक आहे, पण सगळे दिवस हे मला जमणार नाही. आणि मी प्रत्येक दारात "महाग आहे, नको" म्हणत उभी राहिले तर तिच्या सुट्टीचा विचका होणार.

तर, शहराचा टूरिस्ट पास घेण्यात काही अर्थ आहे का? बेटांवर जायला वेगळी बोट बुक करावी लागते का? ती मासे-मटण खात नाही, अंडं खाते. चालायला दोघी तयार आहोत. म्युझियममध्ये मी रमते, ती पंधराव्या मिनिटाला बाकडं शोधते.

सडाफटिंग

गोथेनबर्गला एवढे दिवस? दीड दिवसात उरकतं. कालवा, हागा ही जुनी वस्ती, मासळीबाजार, खेळ खल्लास. तिथून सकाळची बस पकडा आणि ओस्लो गाठा, साडेतीन-चार तासांचा रस्ता आहे. बजेटचं म्हणाल तर नियम एकच : बाहेर बसून जेवायचं नाही. ब्रेड, चीज, केळी. बाकी मजा करा.

निशिगंध

होस्टेलचं बुकिंग झालंय म्हणालीस, पण त्यात चादर आहे का ते वाचून घे. स्वीडनमध्ये बहुतेक होस्टेलांत चादर, अभ्रा आणि टॉवेल यांचे पैसे वेगळे लावतात. कीलहूनच निघणार आहात तर एकेक सिंगल चादर, उशीचा अभ्रा आणि टॉवेल पिशवीत टाका. स्लीपिंग बॅग बऱ्याच ठिकाणी चालत नाही. शिवाय खोली सोडताना आपणच झाडून-पुसून द्यायची असते, नाहीतर साफसफाईचे पैसे घेतात.

रोख क्रोना बदलून नेण्याच्या भानगडीत पडू नका, सगळीकडे कार्ड चालतं. 'स्विश' असं जिथे तिथे लिहिलेलं दिसेल, ते मोबाइलवरून पैसे द्यायचं ॲप, स्वीडिश बँक खात्याशिवाय चालत नाही. तिकडे दुर्लक्ष करा.

मायोर्नाकर

केतकी, मी या गावात ट्राम चालवते, त्यामुळे माझं मत रुळांच्या बाजूने थोडं झुकलेलं असणार, ते धरून चाल.

पास घेऊ नका. पासात "मोफत" म्हणून जी यादी देतात तिच्यातल्या निम्म्या ठिकाणी तुम्ही एरवी फिरकलाही नसतात. आणि एकदा पास घेतला की तो वसूल करायच्या नादात माणूस दिवसभर घड्याळाकडे बघत पळतो. तुझी मैत्रीण तर पहिल्याच दुपारी मोडून पडेल. या गावातलं सगळ्यात देखणं जे आहे, ते साध्या सिटी तिकिटात येतं. ट्राम, बस, नदीतल्या फेरी बोटी आणि दक्षिणेकडच्या बेटांवर जाणाऱ्या बोटीसुद्धा वेस्टट्राफिक या इथल्या सार्वजनिक वाहतूक कंपनीच्याच, आणि सगळं झोन ए या एकाच भाडे-पट्ट्यात. वेगळं बुकिंग नाही की रांग नाही.

एकेरी तिकीट ९० मिनिटं चालतं, तेवढ्यात कितीही वेळा गाडी बदला. ७२ तासांचं तिकीट माणशी अडीचशेच्या आसपास पडतं, पण ते शुक्रवारी उतरल्या उतरल्या चालू करू नका. शुक्रवारी तुम्ही चालणार आहात. शनिवारी सकाळी नऊच्या सुमाराला ॲपमध्ये चालू केलंत की मंगळवारी सकाळपर्यंतची चिंता मिटली. शुक्रवार आणि मंगळवारची किरकोळ ये-जा एकेरीवर भागते. तिकीट चढायच्या आधी घ्यायचं. लोक माझ्या केबिनच्या काचेवर टकटक करून नोटा दाखवतात. मी मान हलवते, ते रागावतात. पण माझ्याकडे ना गल्ला आहे ना सुटे. चेकर साध्या कपड्यांत असतात आणि पर्यटक म्हणून कुणाला सोडत नाहीत. दंडाच्या पैशांत तुम्हा दोघींचं कितीतरी दिवसांचं जेवण होईल.

आता शुक्रवार. सकाळ केबिनमध्ये लोळत घालवू नका. बोट बंदराला लागायच्या तास-दीड तास आधी जॅकेट चढवून वरच्या डेकवर जा. आधी नुसते करडे, बोडके खडक दिसतात, मग त्यांच्यावर एखादं लाल लाकडी घर, मग दीपगृहं. नदीच्या मुखाशी नीया एल्व्सबोरी हा किल्ला लागतो. १७१९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेच्या आरमाराने त्याच्यावर तोफा डागल्या होत्या, पण तो पडला नाही. याच किल्ल्याजवळ १७४५ साली स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचं 'योटेबोरी' हे जहाज बुडालं. चीनमधल्या कँटनपर्यंत जाऊन, चहा आणि चिनी मातीची भांडी लादून परत आलेलं, आणि घराच्या उंबऱ्यात खडकावर आपटलं. तुला म्युझियम आवडतं म्हणून सांगते : त्या कंपनीची जुनी इमारत आता शहराचं संग्रहालय आहे, पावसाच्या दिवसासाठी राखून ठेव.

समोर एल्व्सबोरी पूल दिसायला लागला की उतरायची वेळ झाली. तो १९६६ चा झुलता पूल आहे, खालून मोठी जहाजं जावीत म्हणून ४५ मीटर उंचीवरून नेलाय. कीलची बोट पुलाखालून जाते आणि पलीकडे लगेचच लागते. सामान होस्टेलवर टाका (खोली दुपारनंतर मिळाली तरी बॅगा ठेवून घेतात) आणि चालायला लागा.

मी राहते त्या मायोर्नातून चालत जा असं मी म्हणणारच. पण नुसतं गावचं कौतुक म्हणून नव्हे. इथली घरं नीट बघा : खालचा मजला विटांचा किंवा दगडाचा, वरचे दोन लाकडी. एकोणिसाव्या शतकात आगीच्या भीतीने दोनपेक्षा जास्त मजल्यांच्या लाकडी घरांना मनाई होती. तळमजला विटांचा केला की वरचे दोन मजले नियमात बसले. कामगारांसाठी अशी रांगाच्या रांगा घरं उठली, आणि आज त्यांच्या किमती ऐकून मला घाम फुटतो. आतली अंगणं बाहेरूनच बघा, लोक राहतात तिथे.

तिथून मास्थुग्स चर्चच्या टेकडीवर चढा. चर्च १९१४ चं, दणकट लाल विटांचं, आणि त्याच्या कठड्यावरून सगळं बंदर पायाखाली. क्रेन, फेऱ्या, डेन्मार्कला जाणारं जहाज. एक क्रोना लागत नाही. शहराचा नकाशा डोक्यात बसवायला याच्यासारखी जागा नाही, म्हणून हे पहिल्याच दिवशी करा. उतरून हागा. हागात दालचिनीचे बन मिळतात ते जेवणाच्या ताटाएवढे असतात. दोघींत एक घ्या, तोही संपणार नाही. (खरं सांगू? मला ते आवडत नाहीत. आकारच आहे. वेलदोड्याचा छोटा बन कुठल्याही बऱ्या बेकरीत घ्या, तो खरा.) हागाच्या मागच्या टेकडीवर स्कान्सेन क्रोनान हा ठेंगणा किल्ला आहे. पायऱ्या दमवतात, पण तिथे बसून बन खायला छान.

जेवणाचं. वरती म्हटलंय तसं ब्रेड-केळ्यांवर दिवस काढायची गरज नाही. इथे सोमवार ते शुक्रवार, साधारण ११ ते २, 'दागेन्स लुंच' म्हणजे त्या दिवसाचं ठरलेलं जेवण असतं. साधारण १३० ते १५० क्रोना. आधी गल्ल्यावर पैसे भरायचे, ट्रे उचलायचा. सॅलड आपलं आपण, हवं तेवढं. शेजारी क्नेकेब्रो, म्हणजे कुरकुरीत पातळ ब्रेड, आणि लोणी. मग गरम पदार्थ, आणि शेवटी कॉफी, सगळं त्याच पैशांत. बहुतेक ठिकाणी एक शाकाहारी पदार्थ असतो. तेच हॉटेल संध्याकाळी तेच ताट दुपटीला विकतं. तेव्हा शुक्रवार, सोमवार, मंगळवार दुपारी पोटभर बाहेर आणि रात्री होस्टेलच्या चुलीवर पास्ता नाहीतर अंडी. शनिवार-रविवार डबा. लिड्ल किंवा विलिस ही स्वस्त सुपरमार्केटं शोधा. कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात तीच वस्तू महाग मिळते. पाणी नळाचं प्या. बाटली विकत घेतलीच तर रिकामी टाकू नका, सुपरमार्केटमधल्या मशीनमध्ये घातली की तिच्यावरचं डिपॉझिट परत मिळतं.

बेटांचा दिवस शनिवारी ठेवायचा की रविवारी, ते आत्ता ठरवू नका. शुक्रवारी रात्री हवामान बघा आणि जो दिवस कोरडा तो बेटांना द्या. पाऊस एकवेळ परवडला, पण नैऋत्येचा वारा सुटला की त्या खडकांवर उभं राहवत नाही.

११ नंबरची ट्राम, शेवटचा थांबा साल्टहोल्मेन. शहराच्या मध्यातून अर्धा तास धरा. डाव्या-उजव्या बाजूचा विचार करू नका, फक्त मागच्या डब्यात बसा, तिथे गर्दी कमी असते. ट्राममधून उतरलं की समोरच धक्का. बोटीत चढताना तिकीट तेच. बेटांवर खाजगी मोटारी नाहीत. माणसं पुढे लाकडी हौदा जोडलेली तीनचाकी मोपेड चालवतात, तिच्यात किराणा, गॅसचं नळकांडं, कधी आजीबाई, सगळं बसतं. पायवाटेवर मागून फटफट ऐकू आली की बाजूला व्हा, थांबत नाहीत ती.

कुठलं बेट? एकच करायचं तर व्रोंगो, सगळ्यात दक्षिणेचं. बोटीतच पाऊण-एक तास जातो आणि वाटेत बाकीच्या बेटांच्या धक्क्यांना लागत लागत जाते, म्हणजे फुकटची समुद्रसफर झाली. काही फेऱ्यांना मध्ये बोट बदलावी लागते, ॲप सांगतं. तिथे उत्तरेला आणि दक्षिणेला खुणा केलेल्या पायवाटा आहेत, लाकडी फळ्यांवरून, खडकांवरून, दोन्ही केल्या तरी दमायला होत नाही. एवढं लांब जायचा कंटाळा आला तर स्त्यर्सो बरं : तिथून पुलावरून चालत दोन्सोला जाता येतं आणि परतीची बोट तिकडून पकडता येते. शीतयुद्धाच्या काळात ही बेटं लष्कराच्या संरक्षित पट्ट्यात होती आणि परदेशी माणसाला तिथे मुक्कामाची मुभा नव्हती. तुम्ही मात्र डबा उघडून आरामात बसा.

उतरल्यावर आधी परतीच्या बोटीची वेळ बघा, मग फिरायला लागा. शनिवार-रविवारी फेऱ्या विरळ असतात आणि एक चुकली की धक्क्यावरची बंद टपरी बघत बसावं लागतं.

आता पैशांचं. तुमचं भांडण होईल ते म्युझियमच्या दारात नाही, कॉफीच्या गल्ल्यावर होईल. पहिल्याच दिवशी दोघींनी दीड-दीड हजार एका कार्डावर टाका. तिकीट, किराणा, दुपारचं जेवण, रोजची एक कॉफी, सगळं त्यातून, आणि त्या पैशांना "माझे-तुझे" नाही. ढोबळ हिशोब : ७२ तासांची दोन तिकिटं पाचशे, एकेरी दीडशे, तीन दुपारची जेवणं साडेआठशे, किराणा नऊशे, उरलं ते कॉफी-बन. माणशी पाचशे ज्याचे त्याच्याकडे, त्यात टीटीएमएम. तुला संग्रहालय बघायचंय, तू जा. ती बाहेर बाकड्यावर बसून आईस्क्रीम खाईल. आणि तिला खर्च करायची एवढी हौस आहे तर तिला एकदा करू दे. एकदाच. काय, ते तिने आधी सांगायचं. कालव्यातल्या उघड्या चपट्या टूरिस्ट बोटीत बसव म्हणावं. एका पुलाखाली सगळ्यांना अक्षरशः बोटीच्या तळाशी वाकावं लागतं, उंच माणसांची गंमत बघण्यासारखी असते. तू गुपचूप "थँक्यू" म्हण आणि बस. मैत्रिणीचा एवढा हक्क असतो.

ओस्लोला जाऊ नका. येण्या-जाण्याचं भाडं, वेळ आणि दुसरं महागडं गाव, सगळं एका फटक्यात कशाला.

हर्षल_माल्मो

ताई, ट्रामच्या कौतुकात लिसेबेरीला विसरलात! १९२३ पासूनचं अम्युझमेंट पार्क, आणि 'बाल्डेर' हा लाकडी रोलरकोस्टर एकदा तरी करायलाच हवा. तरुण पोरी आहेत, चर्च आणि खडक काय दाखवताय.

आणि शाकाहारींसाठी फलाफल. शंभराच्या आत पोट भरतं. अर्थात खरं फलाफल माल्मोलाच, गोथेनबर्गवाल्यांनी वाद घालू नये.

मायोर्नाकर

फलाफलवर वाद घालत नाही, शरण आले. रविवारी डब्याचा कंटाळा आला तर केतकीने तेच करावं.

लिसेबेरी मात्र चारशे रुपये रोजावर बसत नाही. (क्रोना. बघ, चिडले की चलन बदलतं.) आत जायचे पैसे, राइड्सचे पैसे, आणि आत भूक लागली की गेलंच. शिवाय सप्टेंबरमध्ये ते रोज उघडं नसतं, जायचं झालंच तर आधी कॅलेंडर बघा. बाल्डेरच्या लाकडाची करकर आणि वरच्या किंचाळ्या कुंपणाबाहेरूनही ऐकू येतात, तेवढ्यावर भागवा.

केतकी_कील

ताई, काय लिहिलंय! मैत्रिणीला स्क्रीनशॉट पाठवले. तिचं उत्तर : "कालव्यातली बोट माझ्याकडून, आणि बन मी अख्खा खाणार." म्हणजे अर्धं भांडण मिटलं.

अजून थोडं विचारते. दोन्ही दिवस पाऊस लागला तर? सोमवारी काय करावं? बेटावर तंबू टाकून एक रात्र काढता येईल का, स्वीडनमध्ये कुठेही तंबू टाकता येतो असं ऐकलंय. आणि तिला एखादी संध्याकाळ बिअर घेऊन पाण्याकाठी बसायचंय.

मायोर्नाकर

तंबूचं डोक्यातून काढ. मोकळ्या निसर्गात फिरायचा, एखादी रात्र तंबू टाकायचा हक्क इथे आहे, खरं आहे. पण तो लोकांच्या घरांपासून लांब, आणि राखीव निसर्गक्षेत्रांचे नियम वेगळे. ही बेटं चिमुकली. जिथे घरं नाहीत तिथे बऱ्याच जागी राखीव क्षेत्र आहे. होस्टेलचे पैसे भरलेत, तिथे झोपा.

बिअरचं गणित असं : ३.५ टक्क्यांपर्यंतची सुपरमार्केटमध्ये मिळते. त्यापेक्षा कडक हवी तर सिस्टेमबोलागेत या सरकारी दुकानातच, वय २० पूर्ण हवं. शनिवारी ते दुपारी तीनच्या सुमारास बंद होतं आणि रविवारी उघडतच नाही. म्हणजे शुक्रवारीच आठवण ठेवा. उघड्यावर पिण्याबाबत काही भागांत बंदी असते, पाट्या बघा. पबमध्ये एक ग्लास म्हणजे दुपारच्या जेवणाच्या निम्मे पैसे, ते तिच्या पाचशेतून.

पाऊस दोन्ही दिवस लागला तरी तो दिवसभर एकसारखा क्वचितच लागतो. छत्री आणू नका, वारा उलटी करून हातात देतो. टोपीचा रेनकोट आणा. कोरडं बसायला योटाप्लात्सेन या चौकातलं शहर ग्रंथालय आहे : फुकट, ऊबदार, खुर्च्या चांगल्या, कुणी "काय हवंय" विचारत नाही. बाहेर शिल्पकार कार्ल मिलेसचा समुद्रदेव पोसायडन उभा आहे, १९३१ पासून, हातात मासा धरून. तिथेच कलासंग्रहालय आहे, तू आत, ती ग्रंथालयात. ईस्ट इंडिया कंपनीची इमारत कालव्याकाठी. गाव तर त्याच्याही आधीच्या हिशोबी डोक्यांनी आखलेलं : १६२१ मध्ये राजाने शहराची सनद दिली आणि दलदलीत कालवे खणायला डच लोक आणले.

सोमवारी स्लॉट्सस्कोगेन. भलंमोठं उद्यान आहे, आणि त्यात फुकट प्राणी बघायला मिळतात : एल्क, सील, पेंग्विन. सीलच्या तळ्याजवळ त्यांना खाऊ घालायची वेळ लिहिलेली असते, ती साधा. काठावर लहान मुलांची गर्दी असते, त्यांच्या डोक्यांवरून सहज दिसतं. रस्ता ओलांडला की वनस्पती उद्यान. तिथे दारात पैसे ऐच्छिक आहेत. काही टाकायचं ते टाका, दगडी बाग उगाच बघितल्यासारखी करू नका, वर चढत जा.

आणि संध्याकाळी नदी. स्टेनपीरेनच्या धक्क्यावरून समोर लिंडहोल्मेनला जाणारी फेरी फुकट आहे, सायकलवाल्यांसकट सगळ्यांना. पलीकडे पूर्वी जहाजं बांधायचे कारखाने होते, आता ऑफिसं आणि कॉलेज. संध्याकाळी पाचनंतर तिथे शुकशुकाट. काठाने पश्चिमेकडे चालत गेलात की एरिक्सबेरीची नारिंगी गँट्री क्रेन लागते, जहाजबांधणीच्या काळातली, खाली उभं राहिलं की मान दुखते. तिच्या जवळून दुसरी फेरी पकडून क्लिपनला उतरा (हिला तिकीट लागतं, तुमचं ७२ तासांचं चालेल). क्लिपन म्हणजे पुलाच्या पायथ्याशी जुन्या साखर कारखान्याच्या आणि पोर्टर बिअरच्या भट्टीच्या इमारती. तिथेच पुलाखाली रोडा स्टेन, ग्राफिटीने रंगवलेल्या भिंती. पोरं स्प्रे घेऊन काम करत असतात, बघत उभं राहिलं तर कुणाची हरकत नसते. तुझ्या मैत्रिणीची बिअरची जागा हीच. वरून पुलावरच्या गाड्यांची घरघर येते, समोर नदी, आणि साडेसात-पावणेआठपर्यंत उजेड असतो त्या दिवसांत.

सडाफटिंग

बरं, ओस्लो मागे घेतो. पण उत्तरेच्या बेटांचं कुणी बोललं नाही. ह्योनोला जाणारी पिवळी मोटारींची फेरी फुकट आहे ना?

मायोर्नाकर

आहे. रस्त्याचाच भाग धरतात तिला, म्हणून पैसे नाहीत. पण धक्क्यापर्यंतची बस लांब, आणि तिथे मोटारी आहेत, त्यामुळे बेटावर आल्यासारखं कमी वाटतं. त्यांना दोन कोरडे दिवस मिळाले तर दुसऱ्या दिवशी जाऊ देत. ह्योनोची चपटी मऊ भाकरीसारखी ब्रेड सगळ्या सुपरमार्केटमध्ये मिळते, 'ह्योनोकाका'. डब्याला ती घ्या. लोणी, चीज, काकडी लावून दुमडली की प्रवासात सांडत नाही.

केतकी_कील

घेतलं लिहून. शेवटचं एकच : मंगळवारी खोली सकाळी सोडायची आणि बोट संध्याकाळी. बॅगांचं काय करायचं? स्टेशनवरचे लॉकर परवडतील का?

मायोर्नाकर

लॉकरला पैसे कशाला? होस्टेलला विचारा, बहुतेक ठिकाणी दिवसभर ठेवून घेतात. चादरी धुऊन वाळत नाहीत, तशाच पिशवीत भरा. बोर्डिंग कधी बंद होतं ते तिकिटावर लिहिलेलं असतं, त्याच्या तासभर आधी पोचा. चार ते सहा आमच्या ट्राम खच्चून भरतात आणि मोठ्या बॅगा घेऊन दारात उभं राहिलं की दार बंद होत नाही, मग सगळी गाडी तुमच्याकडे बघते. साडेतीनलाच निघा. हिरवं बटण दाबल्याशिवाय दार उघडत नाही, लोक समोर उभे राहून वाट बघतात आणि मी निघून जाते.